खोल पाण्यात गरवायला जाताना पिशवीत काय घालायचं

दिवाळी उलटली, पाणी निवळलं की मालवण, देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी या पट्ट्यात दिवसभरासाठी होडी करून गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला, जाणाऱ्यांची तयारी सुरू होते. बहुतेकांची यादी माशापासून सुरू होते. सुरमईसाठी हा रॉड, कोकरासाठी तो, तांबोशीसाठी आणखी एक. असं करत पाच रॉड, चार रील, दोन डबे भरून ल्युर (नकली मासे) आणि तरी दुपारी बारा वाजता शिसं (दोरी बुडवायची वजनं) संपलेलं. माझं मत स्पष्ट आहे: रॉड कमी न्या, आणि खडकात अडकून तुटणारं, दातांनी कापलं जाणारं सामान सढळ हाताने न्या. कुठलं किती, हे मासा ठरवत नाही. पाण्याची खोली, पाण्याची ओढ आणि होडीतली जागा ठरवते.

आपल्यासमोरचा समुद्रतळ फार हळूहळू उतरत जातो. त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परतणारी होडी जिथवर पोचते तिथं पाणी साधारण १५ ते ४० मीटर असतं. परदेशी व्हिडिओंत दिसणारे ३०० ग्रॅमचे जिग (तळापर्यंत सोडायचे धातूचे वजनदार ल्युर), इलेक्ट्रिक रील, जाडजूड हार्नेस हे शंभर-दोनशे मीटर पाण्याचं सामान आहे. ते इथं नेलं तर पाठ दुखण्यापलीकडे काही होत नाही.

आदल्या दिवशी तांडेलाला विचारायचं

पहिला प्रश्न: पाणी किती वाव? तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मीटरमध्ये बोलत नाही. वाव म्हणजे सुमारे सहा फूट, म्हणून त्याने ‘बारा वाव’ म्हटलं की २२ मीटर धरायचे. दुसरा प्रश्न: खाली खडप (खडकाळ तळ) आहे, वाळू आहे की चिखल? खडप असेल तर शिसं आणि जिग दुप्पट घ्या, कारण अर्धं तिथंच राहणार. तिसरा प्रश्न होडीचा: किती फुटी, टप (छप्पर) आहे का, रॉड उभे करायला काही सोय आहे का, मधे जाळी भरलेली असणार का? जाळ्यात ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) अडकला तर सोडवायला तास जातो आणि जाळं फाटलं तर त्याचं नुकसान होतं. त्यामुळे सुटे ल्युर होडीत कुठंही ठेवायचे नाहीत, हे सामान भरतानाच ध्यानात असू द्या.

तिथी स्वतः बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी. भांगाच्या दिवशी २२ मीटरला ६० ग्रॅमचा जिग सरळ खाली जातो. उधाणाच्या दिवशी तोच जिग तिरका वाहत जातो, दोरी ४५ अंशांत निघते आणि तळ लागला की नाही ते कळत नाही. मग १०० ग्रॅम लागतो. मुंबई-अलिबागसमोर भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरच्या घरात जातो, मालवणला तो त्याच्या निम्म्याहून कमी असतो. त्यामुळे उत्तरेच्या पाण्यात वजनं एक पायरी वर धरा. तिथलं पाणी गढूळही असतं, म्हणून अंधारात चमकणारे किंवा गुलाबी जिग घ्या.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात पहाटेपासून मतलई जमिनीकडून वाहतो, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा उठतो आणि होडी भराभर सरकायला लागते. सकाळी जे वजन चाललं ते दुपारी चालणार नाही. दोन्ही वेळची वजनं बरोबर हवीत.

तीन रॉड, एक हातगरी

दोघांसाठी मिळून तीन रॉड पुरे होतात.

पहिला, जिगचा. सहा ते साडेसहा फुटी स्पिनिंग रॉड, ६० ते १५० ग्रॅम जिग झेपणारा. त्यावर ५००० किंवा ६००० आकाराचं रील आणि पीई २ किंवा ३ ची (पीई म्हणजे दोरीच्या जाडीचा आकडा) आठ धाग्यांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, निदान २०० मीटर, जमलं तर ३००. पाणी तीस मीटरच असताना इतकी दोरी कशाला, असं वाटेल. पण मोठा कुपा किंवा कोकर पहिल्या धावेतच शंभर मीटर काढतो. शिवाय खडकात अडकून दोन वेळा तीस-तीस मीटर गेली, तरी दिवस चालला पाहिजे.

दुसरा, साडेपाच-सहा फुटी ३० ते ५० पौंडांचा बोट रॉड, त्यावर आडवं रील आणि ४० पौंड ताण सोसणारी तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी). याचं काम दुहेरी. जाता-येता ट्रोलिंग (चालत्या होडीमागे ल्युर ओढणं), आणि खडकावर पोचल्यावर आमिष लावून तळाला गरवणं. ट्रोलिंगला तंगूस मुद्दाम सांगतो. तंगूस ताणली जाते, ब्रेड ताणली जात नाही. पाच-सहा नॉटच्या वेगात सुरमईने धडक मारली की ब्रेडवर सगळा झटका गळावर येतो, आणि सुरमईचा जबडा पातळ असल्याने गळ फाडून बाहेर येतो. ब्रेडच असेल तर तिला पुढे आठ-दहा मीटर जाड तंगूस जोडा आणि ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवा.

तिसरा, सात फुटी हलका रॉड, १५ ते ४० ग्रॅमसाठी, ३००० किंवा ४००० चं रील, पीई १ ते १.५. बांगडे, तारल्यांचं आमिष पकडायला हाच. पृष्ठभागावर दगोळ किंवा छोटे कुपे उसळताना दिसले तर ३० ग्रॅमचा चंदेरी जिग लांब फेकायलाही हाच.

पॉपिंगचा, म्हणजे पॉपर हा पाण्यावर चालणारा मोठा ल्युर फेकायचा, आठ फुटी जाड रॉड मात्र मी घरी ठेवायला सांगेन. २५ फुटी फायबरच्या होडीत तीन माणसं, एक खलाशी, मधे नांगर आणि दोरखंड, अशात दीडशे ग्रॅमचा पॉपर दोन ट्रेबलसह डोक्यामागून फिरवायला सुरक्षित जागा एकाच माणसाला मिळते. त्यातून लाटा फुटतात त्या खडकाजवळ इंजिन चालू ठेवून होडी धरणारा तांडेल लागतो. खास त्याच मासेमारीला निघाला असाल तर न्या. बाकी दिवशी तो फक्त अडचण करतो.

हातगरी मात्र हवीच. ८० पौंडांची तंगूस ५० मीटर, लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीला गुंडाळलेली. रॉड मोडला, रील अडकलं, तर हीच चालते. होडीवरचे लोक याच गरीने तुमच्यापेक्षा जास्त मासे काढतात, ते बघून शिकण्यासारखं आहे. हातमोजे मात्र घाला. पळत्या माशामागे तंगूस बोटातून चरत जाते तेव्हा कातडी सोलते. आणि दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही.

दोरीची कमकुवत जागा

दोरी तुटली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती गाठीत तुटते, नाहीतर गाठीला लागून. ब्रेड आणि लीडरची (ब्रेडच्या पुढचा गळाकडचा जाड दोरीचा तुकडा) जोड एफजी गाठीने घरीच, आदल्या रात्री दिव्याखाली करा. अठरा ते वीस वेढे, प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटून, मग ओलं करून दोन्ही हातांनी जोरात ओढायचं. ब्रेडचा रंग दाबामुळे गडद झाला म्हणजे वेढे लीडरमध्ये रुतले. रंग बदलला नाही तर गाठ सरकणार, ती तिथंच कापा. हलत्या होडीत, वाऱ्यात ही गाठ नीट बसत नाही. तिथं दुहेरी युनी गाठ मारा. ती जाड होते, रॉडच्या कड्यांतून खडखडत जाते, पण टिकते. पाच-सहा लीडर आधीच कापून फोमच्या चकतीवर गुंडाळून ठेवले तर वेळ वाचतो.

जिगसाठी ५० ते ६० पौंडांचा फ्लुओरोकार्बनचा लीडर, दीड ते दोन मीटर. मोठा हेकरू किंवा कोकर असलेल्या खडकावर ८० पौंड. तीस-तीस मीटरची दोन रिळं बरोबर ठेवा. खडपावर लीडर खरवडला जातो. दर माशानंतर शेवटच्या हातभर लीडरवरून नखं फिरवून बघा. खरखरीत लागला की तेवढा भाग कापून नव्याने बांधा. याच सवयीमुळे लीडर जास्त लागतो, म्हणून जास्त न्यायचा.

आणखी एक गोष्ट दुकानात दोरी भरून घेताना राहून जाते. गुळगुळीत स्पूलवर (रीलमधली दोरी गुंडाळायची फिरकी) ब्रेड थेट बांधली की अख्खं वेटोळं स्पूलभोवती फिरतं. मासा ओढतो, ड्रॅग घट्ट करूनही दोरी जात राहते आणि माणूस रीलला दोष देतो. खाली आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळून त्यावर ब्रेड भरा, ओल्या फडक्यातून ताण देत. सैल भरलेली ब्रेड मोठ्या ओढीला खालच्या थरात रुतते आणि पुढच्या फेकीला गुंता होतो.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान मोजायचा हाती काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एकाने रॉड ४५ अंशांत धरायचा, दुसऱ्याने लीडरच्या टोकाला काटा अडकवून सावकाश ओढायचं, आणि स्पूल फिरू लागेल त्या क्षणी आकडा बघायचा. पीई ३ ची ब्रेड २० किलोची असेल तर ड्रॅग पाच किलोवर, म्हणजे पाव भागावर लावा. फार तर तिसरा हिस्सा. हिशोब नेहमी साखळीतल्या सर्वांत कमजोर कडीचा करायचा. लीडर १८ किलोचा असेल तर तोच धरा. पाच किलो ऐकायला कमी वाटतात, पण रॉड वाकलेला असताना पाच किलो ओढ धरून पाच मिनिटं उभं राहून बघा, मग पटेल. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.

सुरमईची तार

सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात. ८० पौंडांचा लीडरही एका चाव्यात जातो. म्हणून ट्रोलिंगच्या ल्युरपुढे तार हवी. एकेरी स्टीलची तार वापरा, ती वळलेल्या तारेपेक्षा बारीक असते आणि पाण्यात कमी दिसते. लांबी २० ते ३० सेंटिमीटर. जिगला १० ते १५ पुरते. त्याहून लांब तारेने जिगची चाल बिघडते.

एकेरी तारेला गाठ चालत नाही, पीळ द्यावा लागतो. तार ल्युरच्या कड्यातून काढून दोन्ही टोकं एकमेकांवर सारख्या कोनात पिळायची, निदान पाच पीळ. इथं एक टोक सरळ राहून दुसरंच त्याभोवती गुंडाळलं गेलं तर ताणाखाली ते सरकून सुटतं. मग मोकळं टोक काटकोनात वळवून जवळजवळ पाच-सहा वेढे घालायचे. उरलेलं टोक पक्कडीने कापायचं नाही. कापलं की सुईसारखी टोकदार चिमटी उरते आणि मासा सोडवताना हात फाडते. टोकाचा लहान दांडा वाकवून तो मागेपुढे हलवला की तार वेढ्यालाच लागून स्वच्छ तुटते. अशा आठ-दहा तारा घरी करून सरळ नळीत ठेवा. एकदा मुरड पडलेली तार त्याच जागी तुटते, म्हणून प्रत्येक माशानंतर बघून वाकडी फेकून द्या. घरी आणून कचऱ्यात, समुद्रात नव्हे.

कुपे मात्र तारेला बुजतात. पाणी स्वच्छ आणि कुप्यांचा थवा समोर असेल तर तार काढून ६० पौंडांच्या लीडरवर खेळा. एखादा ल्युर सुरमईला गेला तर गेला.

ट्रोलिंगचे ल्युर तीनच पुरेत. एक वीस फूट खाली जाणारा, एक तीस फूट, आणि एक पृष्ठभागालगत चालणारा पिसांचा किंवा चमच्याच्या आकाराचा. रापालाच्या एक्स-रॅप मॅग्नम मालिकेत नावातला आकडाच फुटांतली खोली सांगतो, त्यामुळे निवड सोपी होते. लाल डोकं-पांढरं अंग आणि बांगड्याचा रंग, एवढ्यावर बहुतेक दिवस निभतात. छोट्या होडीमागे दोनच दोऱ्या सोडा, एक २५ मीटरवर आणि दुसरी ४० वर. होडीला वळवायचं असेल तर मोठ्या वर्तुळात, हे तांडेलाला आधीच सांगा. रॉडचं टोक एका लयीत थरथरत असतं तोवर ल्युर बरोबर चालतोय. थरथर थांबली की त्याला शेवाळ किंवा प्लॅस्टिक लागलं आहे, लगेच ओढून साफ करा.

जिग, शिसं, गळ: किती?

खोलीच्या मीटरमागे दोन ते तीन ग्रॅम ही जिगची सुरुवात धरा. एका दिवसासाठी माझं प्रमाण: ४० ग्रॅमचे दोन, ६० चे चार, ८० चे चार, १०० चे तीन, १५० चे दोन. मिळून सव्वा किलो होतात. महागडे जिग खडपावर नेऊ नका. साधे शिशाचे, वर चांगला असिस्ट हुक (छोट्या दोरीने लोंबणारा गळ) बदलून लावलेले, तेवढेच मासे देतात. गळ वरच्या कडीलाच लावा, आकार ३/० ते ५/०. खाली ट्रेबल असला की तो खडकात अडकतो. स्वस्त जिगवरच्या स्प्लिट रिंग (गळ जोडायच्या कड्या) आणि गळ मात्र डोळे झाकून काढून टाका. मोठा मासा लागला की रिंग उघडते किंवा गळ सरळ होतो.

रबरी मासे आमच्याकडच्या खडकांवर पैसे घालवणारे आहेत. केंड (अंग फुगवणारे मासे) त्यांच्या शेपट्या एकेका चाव्यात छाटतात. केंडांचा थवा जमला की जागा बदला. केंड विषारी असतो, खायचा नाही, आणि त्याच्या तोंडाजवळ बोट न्यायचं नाही.

तळाच्या गरीसाठी शिसं १०० ग्रॅमची पाच, १५० ची पाच, २०० ची तीन. हे वजन पावणेदोन किलोच्या वर जातं आणि ते सोसायचं. मांडणी अशी: ६० पौंडांच्या मुख्य लीडरच्या टोकाला भोवरी (गोल फिरणारी कडी), वर ४० सेंटिमीटरवर आडवा फास, त्यात ६/० ते ८/० चा सर्कल गळ (टोक आत वळलेला). शिसं मात्र २० पौंडांच्या पातळ तंगुशीने बांधा. शिसं कपारीत अडकलं की पातळ दोरी तुटते, मासा आणि बाकी सगळं वर येतं. जाड दोरीने बांधलं तर सगळंच जातं.

सर्कल गळावर हिसका द्यायचा नाही. रॉडचं टोक वाकलं की नुसतं सावकाश गुंडाळत जायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसका दिला की तो तोंडातून सरकून बाहेर येतो. हेकरूच्या बाबतीत मात्र पहिले दोन-तीन मीटर थांबायचं नाही. तो बिळात शिरून गलफडं फुगवून बसला की दोरी कापण्यावाचून गत्यंतर नसतं. आमिष म्हणून माकूळ सर्वांत टिकाऊ, बांगड्याचा तिरका काप दुसरा. कोळंबी लहान मासे कुरतडून संपवतात.

हत्यारं

एक चांगली पक्कड, गळ कापता येईल इतक्या ताकदीची. हाच मुद्दा महत्त्वाचा. गळ हातात घुसला तर टोक पुढे ढकलून काटा कापावा लागतो, आणि नाजूक पक्कडीने ५/० चा गळ कापला जात नाही. डोळ्याजवळ, मानेत किंवा खोल घुसला तर हात लावायचा नाही, होडी बंदराकडे वळवायची. ब्रेडसाठी कात्री वेगळी. स्प्लिट रिंगची पक्कड, मासा धरायची पकड, ओला पंचा. मासा वर घ्यायला आकडी बहुतेक होड्यांवर असते, पण सोडायचा मासा असेल तर जाळीच वापरा. शिंगाळ्याचा काटा, पाकटाची नांगी आणि खडकावरचे रंगीत काटेरी मासे यांच्यापासून हात लांब ठेवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्याने वेदना कमी होतात, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या. पण पाणी भाजेल इतकं नाही, आणि नंतर डॉक्टरकडे जायचंच.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, पिशवीत नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ फोनमध्ये टाकून ठेवा. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी असते. मालवणच्या सागरी अभयारण्यात कुठे गळ टाकता येतो हे वन विभागाकडून समजून घ्या. ते १९८७ पासून संरक्षित आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाभोवतीचा गाभ्याचा भाग त्यात येतो. बहिरी मुशी, म्हणजे व्हेल शार्क, किंवा कासव दोरीत आलं तर गळ काढत बसू नका. शक्य तितक्या जवळून दोरी कापून त्याला जाऊ द्या.

भरणी आणि परत आल्यावर

ट्रेन किंवा एसटीने येणार असाल तर दोन किंवा तीन तुकड्यांचे रॉड आणा आणि पीव्हीसीच्या पाइपात घाला. रॉड समुद्रात क्वचितच मोडतो. गाडीच्या दारात आणि डिकीत जास्त मोडतो. होडीवर मासा जवळ आला की रॉड उभा धरून उचलायला जाऊ नका, टोक तिथंच मोडतं. रॉड आडव्याच्या थोडा वर ठेवून दोरी हाताने धरा.

पिशवी मऊ कापडी हवी. कडक डबा होडीत घसरतो, कोपरा पायाला लागतो. पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे दोरीने काठाच्या आतल्या बाजूला बांधले की रॉड उभे राहतात. प्रत्येक रॉडला आणि पक्कडीला दीड मीटरची दोरी बांधून ती होडीला अडकवा.

एक रिकामी जाळीची पिशवी न विसरता घ्या. वापरलेले जिग, ल्युर, शिसं पुन्हा डब्यात ठेवायचे नाहीत, या पिशवीत टाकायचे. एक खारा जिग कोरड्या डब्यात गेला की आठवड्यात बाकीच्या सगळ्या गळांवर गंज चढतो. घरी आल्यावर पिशवी तशीच गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा आणि सावलीत टांगा. रील मात्र बुडवायचं नाही. ड्रॅग घट्ट करून वरून हलकी धार सोडायची, दोरी फिरते त्या चाकावर जरा जास्त. नंतर ड्रॅग सैल करून, पुसून, उघड्यावर वाळवायचं. चाकात मीठ साचलं की ते फिरायचं थांबतं आणि पुढच्या मोठ्या माशाच्या धावेला ब्रेड त्याच जागी घासून तुटते.